महोत्सवातील पुस्तकांचे टेबल : बेथलेहेमच्या केल्टिक क्लासिकमध्ये एका लेखिकेचा हिशेब

आपले पुस्तक स्वतः मोटारीत घालून गावोगाव विकायला नेणारे लेखक अमेरिकेत पुष्कळ आहेत. त्यांतील काही जण पुस्तकांच्या जत्रांपेक्षा केल्टिक संगीताच्या महोत्सवांना जाणे अधिक पसंत करतात. आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, कॉर्नवॉल, ब्रिटनी आणि आइल ऑफ मॅन या सहा केल्टिक प्रदेशांशी नाते सांगणाऱ्या ऐतिहासिक कादंबऱ्या, लोककथा आणि घराण्यांचे इतिहास हे लोक लिहितात. असे साहित्य वाचणारा वाचक एका दुकानात एकगठ्ठा सापडत नाही, पण बॅगपाइप आणि फिडल ही वाद्ये ऐकण्यासाठी तो एका मैदानावर आपणहून जमतो. त्यामुळे पुस्तक विकण्यासाठी याहून सोयीची जागा नसेल असे वाटते. तरीही अनेक लेखक तीन दिवस टेबलामागे उभे राहून पदरमोड करून घरी परततात. असे का होते आणि ते टाळण्यासाठी आधी कोणता निर्णय घ्यावा लागतो, हे पाहण्यासाठी एकच महोत्सव आणि एकच लेखिका घेऊन पुढील मांडणी केली आहे.

यातील शहर, महोत्सव, इतिहास, कर आणि छपाईचे दर खरे आहेत. लेखिका मात्र कोणी एक विशिष्ट व्यक्ती नाही. अशा प्रवासी लेखकांची जी सर्वसाधारण स्थिती असते ती एकत्र बांधून तिला उभे केले आहे, आणि निवास, गाळ्याचे भाडे, विक्रीचा वेग हे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. वाचकाने त्या जागी स्वतःचे आकडे घालावेत.

मैदान आणि माणसे

पेनसिल्व्हेनिया राज्याच्या पूर्व भागात लीहाय नदीच्या काठी बेथलेहेम शहर आहे. मोरेव्हियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांनी ते १७४१ साली वसवले. पुढे पोलादाच्या प्रचंड कारखान्यामुळे ते जगाला माहीत झाले आणि १९९५ मध्ये तेथील पोलादाच्या भट्ट्या विझल्या. जुनी मोरेव्हियन वसाहत आजही उभी आहे. नवी दिल्लीत जुलै २०२४ मध्ये जागतिक वारसा समितीचे अधिवेशन भरले आणि आसाममधील अहोम राजघराण्याच्या मोइदामांचा वारसा यादीत समावेश झाला, त्याच अधिवेशनात बेथलेहेमच्या मोरेव्हियन वस्तीलाही जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिच्याबरोबर नोंदल्या गेलेल्या वस्त्यांपैकी ग्रेसहिल ही उत्तर आयर्लंडमध्ये आहे.

या शहरात १९८८ पासून दर सप्टेंबरच्या अखेरीस, शुक्रवार ते रविवार, केल्टिक क्लासिक हा महोत्सव भरतो. मुख्य बाजारपेठ आणि तिच्या उताराखालून वाहणारा मोनोकसी ओढा यांच्या परिसरात अनेक मंचांवर गाणे-वाजवणे चालते, पाइप वादकांची पथके येतात, ओंडका फेकण्यासारख्या स्कॉटिश हायलँड क्रीडाप्रकारांच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात. प्रवेशाला तिकीट नसते. लेखकाच्या दृष्टीने ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती दोन्ही बाजूंनी कापते. तिकीट नसल्यामुळे गर्दी मोठी होते आणि माणसाच्या खिशात खर्चायला पैसे शिल्लक राहतात. पण त्याच कारणाने त्या गर्दीत केल्टिक विषयाशी काहीही देणेघेणे नसलेली, केवळ शनिवारची दुपार घालवायला आलेली कुटुंबेही मोठ्या संख्येने असतात. तिकीट काढून आलेल्या पाच हजारांतील वाचक हुडकणे हे फुकट आलेल्या पन्नास हजारांतील वाचक हुडकण्यापेक्षा सोपे असते.

मात्र बेथलेहेमला एक गोष्ट अनुकूल आहे. येथील केल्टिक वारसा महोत्सवापुरता आणलेला नाही, तो या मातीत मुरलेला आहे. शहराच्या उत्तरेला, आजच्या बाथ गावाजवळ, आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांतातून आलेल्या स्कॉट्स-आयरिश (मूळच्या स्कॉटिश) कुटुंबांनी १७२८ च्या सुमारास वस्ती केली, म्हणजे बेथलेहेमच्याही आधी. त्याच परगण्यातील पाटीच्या दगडाच्या खाणींत वेल्स आणि कॉर्नवॉलचे खाणकामगार आले. तेथील बँगोर गावाचे नाव वेल्समधील बँगोरवरून पडले आहे. आणखी वायव्येला दगडी कोळशाचा प्रदेश लागतो, जेथे एकोणिसाव्या शतकात आयरिश मजूर हजारोंनी उतरले. तिथला कोळसा लीहाय कालव्यातून होड्यांनी बेथलेहेमवरून खाली जात असे.

आपल्या लेखिकेची तीन कादंबऱ्यांची मालिका याच कोळशाच्या प्रदेशात घडते. मॉली मॅग्वायर या गुप्त संघटनेचे म्हणून ठरवल्या गेलेल्या दहा आयरिश माणसांना २१ जून १८७७ या एकाच दिवशी फाशी देण्यात आली. त्यांपैकी चौघांना मॉक चंक येथे आणि सहा जणांना पॉट्सव्हिल येथे. पुढच्या दोन वर्षांत ही संख्या वीसवर गेली. खटल्यांत खाजगी गुप्तहेराची साक्ष निर्णायक ठरली, आणि त्या वीस जणांपैकी जॅक केहो याला राज्याच्या गव्हर्नरने १९७९ साली मरणोत्तर माफी दिली. मॉक चंक हे गाव १९५४ पासून जिम थॉर्प या नावाने ओळखले जाते आणि ते बेथलेहेमपासून मोटारीने तासाभराच्या आत आहे. म्हणजे लेखिकेच्या कथेतील माणसांचे पणतू-खापरपणतू या महोत्सवाच्या गर्दीत खरोखर फिरत असतात. केल्टिक म्हणून काहीही घेऊन येणाऱ्या लेखकात आणि हिच्यात हा मूलभूत फरक आहे. माझ्या मते महोत्सव निवडण्याची पहिली कसोटी हीच असावी: पुस्तकातील भूगोल आणि मैदानातील माणसांचा भूगोल जुळतो का, हे पाहावे. महोत्सव किती मोठा आहे हा प्रश्न त्यानंतरचा.

एका प्रतीचा हिशेब

लेखिका स्वतःच प्रकाशक आहे. प्रत्येक कादंबरी ३२० पानांची, कागदी बांधणीची आहे. अॅमेझॉनच्या मागणीनुसार छपाई सेवेत अमेरिकेतील २०२३ पासूनच्या दरपत्रकाप्रमाणे, नेहमीच्या आकाराच्या कृष्णधवल पुस्तकाला एक डॉलर स्थिर खर्च आणि दर पानाला १.२ सेंट पडतात. त्यानुसार एका प्रतीची छपाई ४ डॉलर ८४ सेंट होते. वाहतूक आणि खराब होणाऱ्या प्रती यांसाठी अर्धा डॉलर धरला की प्रत टेबलावर येईपर्यंत ५ डॉलर ३४ सेंट लागतात.

विक्रीची किंमत ठरवताना पेनसिल्व्हेनियाचा विक्रीकर मध्ये येतो. या राज्यात रोजच्या वापरातील कपड्यांवर विक्रीकर नाही, पण पुस्तकांवर ६ टक्के आहे. शेजारच्या गाळ्यातील साधा टी-शर्ट करमुक्त विकला जातो आणि इकडे कादंबरीवर कर भरावा लागतो, हे पुस्तकाच्या बाजूने विचार करणाऱ्याला खटकते; इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये छापील पुस्तकावर शून्य दर आहे आणि फ्रान्समध्ये ५.५ टक्के. खटकले तरी कर भरायचा असतो, आणि दुसऱ्या राज्यातून तीन दिवसांसाठी आलेल्या विक्रेत्यालाही आधी राज्याच्या महसूल खात्याकडे नोंदणी करून परवाना घ्यावा लागतो. पुष्कळ लेखक हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलतात.

किंमत १८ डॉलर ८७ सेंट ठेवली तर त्यावर १ डॉलर १३ सेंट कर होतो आणि ग्राहक बरोबर २० डॉलर देतो. पावतीवर दोन्ही रकमा वेगळ्या दिसतात आणि हिशेब स्वच्छ राहतो. शिवाय एटीएममधून निघणारी नोट २० डॉलरची असते, त्यामुळे सुट्या पैशांचा घोळ होत नाही. ही बाब क्षुल्लक वाटेल. पण एका हातात पेला आणि दुसऱ्या हातात मुलाचा हात धरलेल्या माणसाला तीन नाणी शोधायला लावले की तो “परत येतो” म्हणतो आणि परत येत नाही.

कार्डाने पैसे घेतल्यास सुमारे ६५ सेंट शुल्क जाते. सर्व वजा करता एका प्रतीमागे लेखिकेच्या हाती १३ डॉलरच्या आसपास राहतात. हीच प्रत एखाद्या दुकानाला नेहमीच्या ४० टक्के सवलतीने दिली तर तिला ११ डॉलर ३२ सेंट मिळतील आणि छपाई व वाहतूक वजा जाता सहा डॉलरही उरणार नाहीत. हातविक्रीचे हे दुपटीहून अधिक उत्पन्न पाहूनच लेखक मोटार काढतो. त्याचा गुणाकार बरोबर असतो, पण वजाबाकी अर्ध्यावर सोडलेली असते.

आता खर्चाची बाजू. लेखिका १५० मैलांवर राहते असे धरू. अमेरिकेच्या करखात्याने २०२५ साठी व्यवसायासाठीच्या प्रवासाचा दर मैलाला ७० सेंट ठरवला होता. त्याने जाण्यायेण्याचे २१० डॉलर होतात. तीन रात्रींचा निवास ४५० डॉलर, जेवणखाण १२०, गाळ्याचे भाडे ६००, विमा ७०, आणि तंबू, टेबले, वजने यांची चार महोत्सवांत विभागलेली किंमत १००. एकूण १,५५० डॉलर. याला १३ ने भागले की सुमारे १२० प्रती येतात. इतक्या विकल्या तर लेखिका आली तशी घरी जाईल. तीन दिवसांच्या श्रमाचा एक सेंटही त्यात धरलेला नाही. प्रत्यक्ष विक्रीचे २५ तास धरले तर दर साडेबारा मिनिटांना एक प्रत विकली गेली पाहिजे, आणि तीही पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत न थांबता.

पुस्तके पुरतात, बोलणे पुरत नाही

येथवरचा हिशेब बहुतेक लेखक कधी ना कधी करतात. पण त्यात एक गोष्ट निसटते, आणि या प्रकरणाचा गाभा मला तिथे दिसतो. टी-शर्ट लांबून दिसतो, आवडतो आणि विकत घेतला जातो. अनोळखी लेखकाची कादंबरी तशी विकली जात नाही. मुखपृष्ठ पाहून माणूस थांबतो, मग “ही कशाबद्दल आहे?” असे विचारतो, आणि पुढच्या चार मिनिटांत जे बोलणे होते त्यावर खरेदी ठरते. म्हणजे या टेबलावरचा खरा माल संभाषण आहे, आणि संगीत महोत्सवात दुर्मीळ असते ते नेमके तेच.

हायलँड बॅगपाइपचा आवाज जवळून शंभर डेसिबलच्या वर जातो. पथक वाजवत गाळ्यासमोरून निघाले की बोलणे थांबते, आणि थांबलेच पाहिजे. लोक त्यासाठीच आलेले असतात. मंचावर कार्यक्रम रंगात असताना श्रोते मंचापाशी असतात आणि विक्रीची रांग ओस पडते. कार्यक्रम संपून पुढचा सुरू होईपर्यंतच्या मधल्या वेळात ते बाहेर येतात, पण तेव्हा आधी खाण्याच्या आणि पेयांच्या गाळ्यांकडे जातात. संध्याकाळी अंधार पडल्यावर गर्दी वाढते, पण अंधारात पुस्तक चाळता येत नाही आणि तोवर लोकांना जड वस्तू हातात घेऊन फिरण्याची इच्छाही उरलेली नसते. म्हणून २५ तासांपैकी बोलण्यायोग्य वेळ निम्माच धरावा. साडेबारा तास म्हणजे ७५० मिनिटे. चार मिनिटांचे एक याप्रमाणे सुमारे १८७ संभाषणे. चारांपैकी एकाने पुस्तक घेतले, आणि हे प्रमाण उदारच म्हणायला हवे, तरी ४७ ग्राहक होतात.

गरज १२० प्रतींची आणि ग्राहक ४७, हे या लेखिकेचे कोडे आहे. ते आणखी पुस्तके आणून सुटत नाही, मोठा फलक लावूनही सुटत नाही. सुटण्याच्या वाटा तीनच आहेत. एका संभाषणातून अधिक विक्री व्हावी, संभाषणामागचा खर्च कमी व्हावा, किंवा एकाच वेळी अनेकांशी बोलता यावे.

पहिल्या वाटेचे उत्तर मालिकेत आहे. तिन्ही कादंबऱ्यांचा संच ४७ डॉलर १७ सेंटांना ठेवला तर करासह बरोबर ५० डॉलर होतात आणि छपाई व शुल्क वजा जाता एका संचामागे सुमारे ३० डॉलर उरतात. बोलणे तेवढेच, उत्पन्न दुपटीहून जास्त. ४७ ग्राहकांपैकी १६ जणांनी संच घेतला आणि ३१ जणांनी एकेक प्रत, तर हाती ८८३ डॉलर येतात. नुसत्या सुट्या प्रती विकून ६११ आले असते. एकच पुस्तक असलेल्या लेखकाने मोठ्या महोत्सवात स्वतंत्र गाळा घेऊ नये, असे मी म्हणतो ते याच आकड्यांमुळे. पण संच विकूनही १,५५० चा पल्ला दूरच राहतो, हे लक्षात घ्यावे.

दुसरी वाट भागीदारीची आहे. चार लेखकांनी एकत्र गाळा घेतला तर भाडे प्रत्येकी १५० वर येते, तंबूचा वाटा २५ वर आणि विम्याचा साडेसतरा डॉलरवर. दोघांनी एक मोटार आणि एक खोली वाटून घेतली तर प्रवासाचे १०५ आणि निवासाचे २२५ होतात. जेवणाचे १२० तेवढेच राहतात. एकूण साडेसहाशेच्या आत. वरील ८८३ डॉलरांच्या उत्पन्नातून आता प्रथमच सव्वादोनशेहून अधिक शिल्लक दिसते. गाळा चौघांचा असला तरी संभाषणे एकाच्या वाट्याला चौथाई येत नाहीत, कारण चौघे एकाच वेळी चौघांशी बोलू शकतात. आणि एकीला आयरिश कोळसा-कामगारांत रस नसलेला पण स्कॉटिश लोककथा शोधणारा ग्राहक भेटला तर ती त्याला शेजारच्या खुर्चीकडे पाठवू शकते. दुपारी कोणाला तासभर विसावा घेता येतो, हेही कमी महत्त्वाचे नाही. तीन दिवस एकट्याने उभ्या राहिलेल्या माणसाचा रविवारचा आवाज आणि चेहरा ग्राहकाला कळतो. मात्र आयोजकांचे नियम आधी वाचले पाहिजेत. घेतलेला गाळा परस्पर दुसऱ्याला वाटून देणे बहुतेक ठिकाणी चालत नाही, म्हणून चौघांची नावे आणि चौघांची पुस्तके मूळ अर्जातच दाखवावीत.

या भागीदारीत विषय एकमेकांना पूरक असावेत, एकच नसावेत. चौघांच्याही टेबलावर किल्ला, धुके आणि तलवार असलेली मुखपृष्ठे असतील तर वाटसरूला तो एकच गाळा वाटतो आणि तो एकदाच नकार देऊन पुढे जातो.

तिसरी वाट मला सर्वांत मोलाची वाटते आणि तिचा विचार लेखक सर्वांत कमी करतात. महोत्सवात विक्रेता म्हणून जाण्याऐवजी कार्यक्रमाचा भाग म्हणून जावे. अशा अनेक महोत्सवांत संगीताबरोबर भाषा, वंशावळी, इतिहास यांसाठी वेगळा तंबू असतो आणि तेथील आयोजकांना नेटके, चाळीस मिनिटांत संपणारे, ठिकाणाशी जोडलेले व्याख्यान हवे असते. ‘माझ्या कादंबऱ्या’ या विषयावर कोणी बसणार नाही. ‘लीहाय कालव्यातून गेलेला कोळसा आणि तो खणणारी आयरिश माणसे’ या विषयावर, ज्यांचे पूर्वज त्या खाणींत उतरले ते नक्की बसतील. पन्नास श्रोते म्हणजे एकाच वेळी पन्नास जणांशी झालेले, आणि चारऐवजी चाळीस मिनिटांचे संभाषण. त्यानंतर टेबलाकडे येणाऱ्याला पुस्तक कशाबद्दल आहे हे विचारावे लागत नाही.

खाणकामगारांची गाणी म्हणणारा एखादा गायक मिळाला तर व्याख्यानाच्या मध्ये तीन गाणी बसवता येतात, आणि मग तो कार्यक्रम संगीत महोत्सवातही उपरा राहत नाही. गायकाच्या ध्वनिमुद्रिका आणि लेखिकेची पुस्तके एकाच टेबलावर ठेवता येतात. येथे एक सावधगिरी हवी: काही महोत्सव कलाकारांच्या विक्रीतून हिस्सा घेतात, तो किती आणि कशावर हे करारात आधी पाहून घ्यावे.

मेन स्ट्रीटवरचे दुकान

बेथलेहेममध्ये आणखी एक शक्यता आहे, जी दुसऱ्या शहरात सहजी मिळत नाही. महोत्सवाच्या हाकेच्या अंतरावर, मेन स्ट्रीटवर, मोरेव्हियन बुक शॉप हे १७४५ साली सुरू झालेले दुकान आहे. अमेरिकेतील सर्वांत जुने चालू पुस्तकदुकान म्हणून ते ओळखले जाते. २०१८ पासून त्याची मालकी तेथील मोरेव्हियन महाविद्यालयाकडे, म्हणजे आजच्या विद्यापीठाकडे, आहे. महोत्सवातली गर्दी त्याच्या दारावरून जाते. लेखकाने दुकानाला प्रतिस्पर्धी समजून टाळणे ही मोठी चूक ठरेल. रविवारी संध्याकाळी तंबू उतरतो आणि लेखिका निघून जाते, पण तिच्याशी बोललेल्यांपैकी बरेच जण पुढच्या आठवड्यात निर्णय घेतात. त्या वेळी गावातच पुस्तक मिळत असेल तर सहा डॉलरच हाती आले तरी ती विक्री निव्वळ लाभाची असते, कारण तिच्यामागे प्रवास नाही, भाडे नाही. दुकानाशी बोलणी महोत्सवाच्या दोन-तीन महिने आधी करावीत, आणि परत घेता येणाऱ्या प्रती किती व कोणत्या अटीवर ठेवायच्या हे लेखी ठरवावे.

काही टेबलावरच्या गोष्टी

सप्टेंबरची अखेर हा अटलांटिकवरील चक्रीवादळांचा हंगाम असतो आणि त्यांच्या उरलेल्या पावसाचा फटका पेनसिल्व्हेनियाला बसतो. ३२० पानांच्या शंभर प्रती चाळीस किलोच्या घरात जातात, आणि कागदी खोकी ओल्या गवतावर एक रात्र ठेवली तर तळाची रांग गेलीच म्हणून समजावे. झाकणाच्या प्लास्टिकच्या पेट्या, त्यांच्याखाली लाकडी फळ्या, आणि तंबूच्या चारही पायांना पुरेशी वजने, एवढी तयारी करूनच निघावे. दमट हवेत मुखपृष्ठे वर वळतात, म्हणून टेबलावर प्रत्येक पुस्तकाच्या दोनतीनच प्रती ठेवाव्यात. त्याने टेबल रिकामे दिसत नाही; उलट माणूस प्रत उचलायला कचरत नाही.

वाटसरूला थांबवण्यासाठी मुखपृष्ठाच्या मोठ्या चित्रापेक्षा एखादा प्रश्न जास्त उपयोगी पडतो. आयरिश नावे लिहिली जातात एक आणि उच्चारली जातात वेगळीच. ‘शिव्हॉन’ किंवा ‘नीव’ ही नावे रोमन लिपीत कशी लिहितात हे फलकावर दिले आणि उच्चार ओळखायला सांगितले की लोक आपणहून बोलू लागतात. ओघम ही आयर्लंडची प्राचीन, दगडाच्या कडेवर रेघा कोरून लिहायची लिपी आहे. मूळ वीस अक्षरांची. त्या लिपीत मुलाचे नाव लिहिलेली पुस्तकखूण दिली तर आईवडील दोन मिनिटे थांबतात. मात्र अक्षरे बिनचूक असली पाहिजेत. या मैदानात ती वाचू शकणारी माणसे असतात, आणि एक चुकीची रेघ इतिहासाची लेखिका म्हणून असलेला विश्वास घालवते.

आणि ऐकावे. कोळशाच्या प्रदेशातून आलेल्या कुटुंबातील म्हातारा माणूस टेबलाशी थांबतो तेव्हा त्याला पुस्तकाबद्दल ऐकण्याआधी आपल्या आजोबांबद्दल सांगायचे असते. त्याच्यासाठी चार मिनिटांचा हिशेब बाजूला ठेवावा. दहा मिनिटे गेली आणि त्याने काही घेतले नाही, तरी ती दहा मिनिटे वाया गेली असे मला वाटत नाही. अशा विषयावर लिहिणाऱ्याला याहून चांगली माहिती कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही, आणि ज्या लोकांची गोष्ट आपण लिहून विकतो त्यांचे म्हणणे ऐकून घेणे हे लेखकाचे देणेही आहे. त्या आठवणी वहीत नोंदवायच्या असतील किंवा पुढच्या पुस्तकाची बातमी कळवण्यासाठी पत्ता घ्यायचा असेल, तर स्पष्ट विचारून घ्यावे.

मराठी वाचकाला ही परिस्थिती अगदी परकी नाही. बृहन्महाराष्ट्र मंडळाचे उत्तर अमेरिकेतील अधिवेशन दोन वर्षांतून एकदा भरते; २०२२ चे अधिवेशन पेनसिल्व्हेनियाला लागूनच असलेल्या न्यू जर्सीतील अटलांटिक सिटीत झाले. तेथे भारतातून पुस्तके घेऊन येणाऱ्या मराठी लेखकाला हाच प्रश्न अधिक कठोर रूपात भेटतो, कारण त्याचा सगळा साठा विमानाच्या तेवीस किलोच्या बॅगेत मावावा लागतो. त्याच्याही वाट्याला नाटक आणि गाण्याच्या मधला वेळच येतो. व्याख्यानाची वेळ मागून घेणे, चौघांनी एक टेबल घेणे आणि सुट्या प्रतीऐवजी संच मांडणे, हे तिन्ही उपाय तिथेही तसेच लागू पडतात.

निर्णय

या लेखिकेने पहिल्याच वर्षी एकटीने गाळा घेऊ नये, असे माझे मत आहे. पहिल्या वर्षी तिने पुस्तके न घेता, साधी पाहुणी म्हणून तीन दिवस महोत्सव पाहावा; कोणत्या मंचाचा आवाज कुठवर पोहोचतो, कार्यक्रमांच्या मधल्या वेळात माणसे कोणत्या वाटेने जातात, वंशावळींची चौकशी करणारे कोठे बसतात, याची नोंद करावी आणि शनिवारी सकाळी मेन स्ट्रीटवरच्या दुकानात जाऊन ओळख करून घ्यावी. दुसऱ्या वर्षी तीन भागीदारांसह अर्ज करावा. त्याच अर्जाबरोबर आयोजकांना स्वतंत्र पत्र लिहून व्याख्यानाचा प्रस्ताव द्यावा, आणि प्रस्ताव नाकारला गेला तर गाळा मिळाला तरी एकदा थांबून हिशेब पुन्हा करावा.

त्या प्रस्तावासाठी तिच्याकडे एक कारण तयार आहे. २१ जून २०२७ रोजी मॉक चंक आणि पॉट्सव्हिल येथील फाशींना १५० वर्षे पूर्ण होतात आणि त्याच वर्षीचा महोत्सव त्यानंतर तीन महिन्यांनी भरेल. पत्र एका पानाचे असावे. त्यात स्वतःच्या पुस्तकांचा उल्लेख शेवटच्या ओळीत आणि त्या दहा जणांची नावे पहिल्या परिच्छेदात असावीत.